शहापुरातला डालेक

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत. अंधारातून पुढे येणारी चौकोनी पेटी. मागे शीर्षकसंगीत.)

२३ नोव्हेंबर १९६३, शनिवार. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झालेली. लंडनमध्ये बीबीसीला बातम्यांशिवाय काही सुचत नव्हतं. त्या संध्याकाळी सव्वापाचला, ठरल्या वेळेपेक्षा मिनिटभर उशिरा, एक नवी मालिका सुरू झाली. 'डॉक्टर हू'. ब्रिटनच्या काही भागांत वीज गेलेली होती, आणि जिथं होती तिथं लोकांचं मन टीव्हीत नव्हतं. आठवड्यानं बीबीसीनं पहिला भाग परत दाखवला आणि त्याला जोडूनच दुसरा.

एवढ्या अपशकुनानं सुरू झालेली ही मालिका मधल्या मोठ्या खंडासकट अजून चालू आहे. नायक परग्रहावरचा. नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणतात. टार्डिस नावाच्या यंत्रातून तो काळात मागंपुढं हिंडतो. बाहेरून बघाल तर रस्त्याच्या कडेला उभी असते तसली पोलिसांची टेलिफोन पेटी. आत शिरलात तर वाडा.

(दृश्य: बेळगाव, शहापूर. गल्लीतला मांडव, बांबू, ताडपत्री. प्लायवूड कापणारी मुलं.)

आणि ही दुसरी पेटी. शहापुरातल्या एका गल्लीत, गणपतीच्या आधी, उघड्या पावसात. मंडळाचा यंदाचा देखावा असा: ह्या पेटीतून माणूस जुन्या बेळगावात जातो, किल्ल्यात, खंदकाजवळ, आणि परत येतो. कल्पना इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाची. हॉस्टेलवर त्यानं ही मालिका पाहिली आणि घरी आल्यावर सगळ्या गल्लीला दाखवली. मंडळाच्या खजिनदार काकांचा पहिला प्रश्न कथेचा नव्हताच. "पेटीला किती लागतंय गा?"

साठ वर्षांपूर्वी लंडनमध्ये हाच प्रश्न निघाला होता. यंत्रानं प्रत्येक ठिकाणी वेगळं रूप घ्यायचं, रोममध्ये खांबाचं, जंगलात झाडाचं, अशी मूळ कल्पना. म्हणजे दर कथेला नवा सेट. तेवढे पैसे नव्हते. मग कथेतच सांगून टाकलं: यंत्राची रूप बदलायची कळ बिघडलीय, ते पोलीस पेटीवरच अडकलंय. एक पेटी रंगवली आणि भागलं. पुढं रस्त्यावरच्या खऱ्या पेट्या निघून गेल्या, पण लोकांच्या डोक्यात पेटी राहिली ती डॉक्टरची. इतकी, की त्या आकाराच्या व्यापारचिन्हावरून लंडनचे पोलीस आणि बीबीसी भांडले आणि २००२ मध्ये निकाल बीबीसीच्या बाजूनं लागला. पोलिसांची पेटी, आणि पोलीसच हरले.

शहापुरातल्या पेटीपुढं वेगळीच अडचण. वर पाटी कुठल्या भाषेत? कर्नाटकात २०२४ च्या कायद्यानं दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड लागतं. देखाव्याची पाटी ही दुकानाची पाटी आहे काय, यावर तासभर वाद झाला. शेवटी वर कन्नड, खाली मराठी, आणि टेप घेऊन मोजमाप. मालिकेत टार्डिस प्रवाशांना जगातली, जगाबाहेरचीही, कुठलीही भाषा आपोआप समजावून देते. लेखकांची सोय होते, दुभाष्या दाखवावा लागत नाही. असलं यंत्र सीमाभागाला कुणी दिलं तर निम्मे पुढारी बेकार होतील, असं आमच्या कॅमेरामनचं मत.

(दृश्य: निर्मात्यांची जुनी छायाचित्रं.)

ही मालिका उभी केली ती बीबीसीतल्या उपऱ्यांनी. नाट्यविभागाचा प्रमुख सिडनी न्यूमन कॅनडाहून आलेला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांची, त्या विभागातली सगळ्यात तरुण निर्माती, आणि त्या वेळी एकटीच बाई. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनऊचा, वय चोवीस. लाइम ग्रोव्हचा जुनाट, अडचणीचा, घामटं काढणारा स्टुडिओ ह्यांच्या वाट्याला आला. पहिला भाग सप्टेंबरात चित्रित झाला. न्यूमननं पाहिला आणि सांगितलं, पुन्हा करा. ऑक्टोबरात अख्खा भाग परत केला. त्या काळात व्हिडिओ टेप कापणं महागाचं, त्यामुळं पंचवीस मिनिटांचा भाग जवळजवळ नाटकासारखा सलग व्हायचा. संवाद चुकला तर चुकलेलाच प्रक्षेपित. विल्यम हार्टनेल, पहिला डॉक्टर, कधी कधी अडखळतो, आणि लोकांना ते त्या म्हाताऱ्याच्या स्वभावातच बसणारं वाटलं.

आमच्याकडं वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रात्रभर सजीव देखावे करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अफझलखान पहाटेपर्यंत चाळीस वेळा मरतो, आणि एखाद्या वेळी ठरल्या जागेच्या आधीच पडतो.

(ध्वनी: टार्डिसचा आवाज. घरघर, खरखर, पुन्हा घरघर.)

हा आवाज ऐका. ब्रायन हॉजसन नावाच्या ध्वनी-कारागिरानं आईच्या घराची किल्ली एका मोडक्या पियानोच्या जाड तारांवरून खरडली. ती खरखर टेपवर घेतली, उलटसुलट फिरवली, मंद केली. काळाचा पडदा फाटतोय, तो असा.

शीर्षकसंगीताची गोष्ट याहून मोठी. रॉन ग्रेनरनं सुरावट कागदावर लिहून दिली, पानभरसुद्धा नसेल. ती डेलिया डर्बिशायरकडं आली. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे नवनवे आवाज घडवणाऱ्या विभागात, ती कामाला, शिक्षण गणिताचं आणि संगीताचं. सिंथेसायझर बाजारात यायचा होता. तिनं एक ताणलेली तार छेडून घेतली, विजेच्या ऑसिलेटरमधून शिट्ट्यांसारखे सूर काढले, प्रत्येक सूर टेपवर वेगळा उतरवला, ब्लेडनं हवा तेवढा कापला आणि एकामागं एक चिकटवला. अशा तीन पट्ट्या तीन यंत्रांवर एकदम सुरू करून एकत्र केल्या. ग्रेनरनं ऐकलं आणि विचारलं, "हे मी लिहिलंय?" ती म्हणाली, "बरंचसं." श्रेयात तिचंही नाव यावं म्हणून तो धडपडला. संस्थेचा नियम आडवा आला. वर्कशॉपमधल्या माणसांची नावं द्यायची नाहीत. तिचं नाव मालिकेच्या पडद्यावर आलं २०१३ मध्ये, ती जाऊन बारा वर्षं झाल्यावर. आम्हाला विचाराल तर ह्या मालिकेची सगळ्यात मोठी कलावंत कॅमेऱ्यासमोर कधी आलीच नाही.

(दृश्य: उद्यमबागेतला पॅटर्न शॉप. लाकडी साचे. लेथवर फिरणारा ठोकळा.)

आता डालेक, म्हणजे ह्या मालिकेतला यंत्राच्या कवचातला राक्षस. शहापूरच्या पोरांनी पेटीवर भागवलं असतं, खरं लहान मुलांना राक्षस लागतोच. म्हणून आम्ही उद्यमबागेत आलोय. फाउंड्रीला लाकडी साचे करून देणारे एक काका डालेकचं अर्धगोल डोकं बनवतायत, पंपाच्या जुन्या साच्यावरून. खाली पुठ्ठा आणि फायबर, अंगावरचे गोळे म्हणजे प्लॅस्टिकचे चेंडू अर्धे कापून. पुढच्या हाताला काय लावायचं यावर काकांनी एकदाच विचारलं, आणि खरं उत्तर ऐकून हसत बसले. संडासाची तुंबलेली नळी मोकळी करायचा रबरी पंप. मूळ डालेकलाही तोच होता.

डालेक लिहिले टेरी नेशननं, घडवले बीबीसीच्या पगारी डिझायनरनं, रेमंड क्युसिकनं. हे काम आधी रिडली स्कॉट नावाच्या दुसऱ्या तरुण डिझायनरकडं जायचं होतं. तारखा जमल्या नाहीत. तो पुढं सिनेमाकडं गेला, त्याचं काही अडलं नाही. क्युसिकनं एक गोष्ट मनाशी पक्की केली होती: आत माणूस आहे हे दिसता कामा नये. म्हणून पाय नाहीत. खाली घेर, आत चाकं, आणि आत बसलेला माणूस पायानं रेटत ते फिरवतो. आवाज दुसऱ्याच नटाचा, रिंग मॉड्युलेटरमधून काढलेला, करकरीत आणि तुटक.

न्यूमनची ताकीद होती की ह्या मालिकेत बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत. वरिष्ठांना डालेकची संहिता आवडली नव्हती. पण दुसरी संहिता तयारच नव्हती! लॅम्बर्टनं तीच केली. २१ डिसेंबर १९६३ ला ती कथा सुरू झाली आणि संपेपर्यंत प्रेक्षक एक कोटीवर गेले. शाळेच्या मैदानात पोरं हात पुढं ताठ धरून डालेक होऊन फिरायला लागली. १९६४-६५ मध्ये खेळणी, पुस्तकं, मिठाई, आणि दोन वर्षांत दोन सिनेमे. मालिकेची जाहिरात डालेकनंच केली. नेशनकडं लेखक म्हणून हक्क होते, त्याला पैसा मिळाला. क्युसिक नोकरदार. त्याच्या हातावर बक्षिशी ठेवली.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे साचावाल्याचं तिकडंबी असंच."

(दृश्य: रिकामी टेप-रिळं.)

१९६६ मध्ये हार्टनेलची तब्येत ढासळली. मालिका बंद करावी एवढं मोठं कारण. लेखकांनी पुन्हा तीच युक्ती केली, अडचण कथेत ओढून घेतली. डॉक्टर मरायला टेकला की त्याचं अंग बदलतं आणि तो नवा माणूस होतो. हार्टनेल जमिनीवर पडला आणि पॅट्रिक ट्राउटन उठला. ह्या एका कलमामुळं मालिकेला नटाचं वय, आजार, पगाराची भांडणं, कशाचीच फार भीती राहिली नाही. प्रत्येक बदल ही आपोआप बातमी. नवा डॉक्टर कोण, यावर ब्रिटनमध्ये पैजा लागतात. २०१३ मध्ये तर नुसतं नाव जाहीर करायला बीबीसीनं थेट कार्यक्रम केला.

चौथा डॉक्टर टॉम बेकर सात वर्षं राहिला. त्याचा जमिनीवर लोळणारा मफलर ही विणणाऱ्या बाईंची किमया. त्यांना भरपूर लोकर दिली होती, त्यांनी ती सगळी विणून टाकली. आमच्या वडगावातल्या विणकरांना मात्र सूत मोजून मिळतं.

एकीकडं हे कौतुक, आणि दुसरीकडं बीबीसी ह्याच मालिकेच्या टेपा पुसत होती. टेप महाग, ती परत वापरायची. नटांच्या करारामुळं जुने भाग पुन्हा दाखवण्यावर बंधनं. रंगीत टीव्ही आल्यावर काळ्या-पांढऱ्याला विचारतो कोण? १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे चाललं. आजही साठच्या दशकातले नव्वदच्या वर भाग सापडलेले नाहीत. त्यांचा आवाज मात्र एकूण एक भागाचा आहे. कारण घराघरातली पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसायची. कधी मागं कुणाच्या आईचं बोलणंही आलेलं असतं. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्मच्या प्रती एका देशातून दुसऱ्या देशात फिरल्या. त्यातले नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरात सापडल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं.

शहापूरच्या मंडळाकडं जुन्या देखाव्यांची एकही कॅसेट नाही. निवेदन दरवर्षी त्याच कॅसेटवर नव्यानं भरायचे. पंचवीस वर्षं ज्यांनी ते निवेदन म्हटलं त्या काकांचा आवाज एका लग्नाच्या व्हिडिओत तेवढा उरलाय, तोही "जेवून जावा" एवढाच.

(दृश्य: कार्डिफ. स्टुडिओ. रंगीत पडदा.)

१९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६ मध्ये एक दूरचित्रपट आला आणि गेला. मधल्या सोळा वर्षांत ती जिवंत ठेवली चाहत्यांनी, कथा लिहून, श्राव्य नाटकं करून. त्यातलीच पोरं मोठी होऊन आत शिरली. २६ मार्च २००५ ला वेल्समधून मालिका परत उभी करणारा रसेल टी. डेव्हिस लहानपणापासूनचा चाहता. बारावा डॉक्टर पीटर कपाल्डी यानं शाळकरी वयात 'रेडिओ टाइम्स' ह्या बीबीसीच्या साप्ताहिकाला लिहिलेलं पत्र १९७४ मध्ये छापून आलं होतं. इतकी जुनी आणि इतकी फुकट जाहिरात दुसऱ्या कुठल्या मालिकेला मिळाली असेल असं वाटत नाही.

२००५ च्या तयारीत चोरीची धास्ती होती. म्हणून टेपांवर मालिकेचं नाव न घालता तीच इंग्रजी अक्षरं फिरवून केलेलं 'टॉर्चवुड' असं लेबल लावायचे. पुढं त्याच नावाची वेगळी मालिका निघाली. काही वाया जाऊ द्यायचं नाही, हा ह्यांचा जुना खाक्या. आणि एवढं करून पहिला भाग प्रक्षेपणाच्या काही आठवडे आधी इंटरनेटवर फुटलाच.

(दृश्य: उद्यमबाग ते शहापूर. टेम्पोत ताडपत्रीखाली झाकलेलं काहीतरी.)

ही युक्ती शहापूरच्या पोरांना फार आवडली. पहिल्या दिवशी देखावा उघडेपर्यंत डालेक कुणाला दिसता कामा नये, असा ठराव झाला. ताडपत्रीवर खडूनं लिहिलं, 'पंपाचं सामान'. टेम्पोवाल्यालाही सांगितलं नाही. संध्याकाळच्या आरतीच्या आत गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला, रबरी पंपासकट. कुणी टाकला ते खजिनदार काकांना माहीत आहे म्हणतात. खरं त्या दिवसापासून वर्गणी बरी जमायला लागली, त्यामुळं ते नाव सांगेनात.