समुद्रात वरून खाली किती पडतं, हे मोजतात कसं?

नमस्कार मंडळी! 1986 साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं आणि हॅम्बुर्ग विद्यापीठानं मिळून अरबी समुद्रात खोलवर मोठाले शंकू टांगले. तोंड वर, निमुळतं टोक खाली. कशासाठी? वरून पडणारा कचरा झेलायला. मेलेलं प्लवक (पाण्यावर तरंगत जगणारे बारीक जीव), कवचांचे तुकडे, वाऱ्यानं आलेली धूळ आणि, नाक मुरडू नका, बारीक जीवांची विष्ठा.

या विष्ठेला भाव आहे. हवेतला कार्बन प्लवक खातं, आणि त्यातला जो खरोखर तळाकडे जातो तो शेकडो वर्षं वर फिरकत नाही. म्हणून तो मोजायचा.

[पडद्यावर: सेडिमेंट ट्रॅपचं चित्र]

हा बघा तो शंकू, म्हणजेच सेडिमेंट ट्रॅप. एका प्रकारात तोंडाचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर असतं. खाली फिरती तबकडी, तिच्यावर बाटल्या. ठरलेल्या तारखेला मोटर तबकडी फिरवते आणि पुढची बाटली टोकाखाली येते. बाटलीत आधीच फॉर्मलिन किंवा मर्क्युरिक क्लोराइड घातलेलं असतं, नाहीतर माल वर येईपर्यंत कुजून जायचा. काम संपलं की जहाजावरून ध्वनीचा इशारा द्यायचा. दोराची पकड सुटते, लोखंडी वजन तळाशीच राहतं, आणि तरंगणारे काचेचे गोळे बाकीचं सगळं वर आणतात.

आता हिशोब. समजा, 20 दिवसांच्या बाटलीत वाळवून 1 ग्रॅम माल निघाला. 1000 मिलिग्रॅम भागिले अर्धा, भागिले 20. म्हणजे दर चौरस मीटरला रोज 100 मिलिग्रॅम. झाला फ्लक्स, म्हणजे ठरावीक जागेत रोज किती पडतं त्याचा दर.

सोपं वाटलं ना? पण त्या 1 ग्रॅममध्ये जे पडलेच नव्हते तेही असतात. कोपेपॉडसारखे जीव स्वतःच्या पायांनी आत शिरतात आणि फॉर्मलिनमध्ये मरतात. यांना ‘स्विमर’ म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं एकेक वेचून काढावे लागतात. मला विचाराल तर या मोजणीतलं सगळ्यात चिकाटीचं काम हेच.

दुसरी कटकट प्रवाहाची. जोराच्या वाऱ्यात पर्जन्यमापक फसतो, तसाच उथळ पाण्यातला ट्रॅप फसतो. मग ताळा करायला थोरियम-234 हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य घेतात. पाण्यातल्या युरेनियम-238 पासून ते सतत तयार होतं, कणांना चिकटतं आणि त्यांच्याबरोबर खाली जातं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे 24 दिवस. वरच्या पाण्यात ते युरेनियमच्या मानानं जितकं कमी, तितके कण खाली गेलेले. फक्त हे आकडे थोरियमचे असतात. कार्बन हवा असेल तर पाणी गाळून कणांवर कार्बन किती आणि थोरियम किती, हेही मोजावं लागतं.

अरबी समुद्रातल्या खोल ट्रॅपनी मात्र मोठी गोष्ट दाखवली. वर्षभराच्या मालातला बराचसा पावसाळी वाऱ्यांच्या काळातच खाली येतो. नैऋत्य वारा सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यावर खालचं खतावलेलं पाणी वर ओढतो, प्लवक माजतं, आणि लवकरच खोलवरच्या बाटल्याही भरू लागतात.