जरा पाठ टेकते

(देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, वाचनालयाची सगळी मंडळी, आणि मागच्या रांगेत लपून बसलेल्या माझ्या क्लासच्या बायका. पुढे या गो, तिथे पंखा नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'एरियल योग : शास्त्र आणि अनुभव'. म्हणजे वरून टांगलेल्या कापडाच्या झुल्यात करायचा योग. मी अनुभवापासून सुरुवात करते. शास्त्राला वेळ उरला तर बघू. (हशा) हसू नका. चाळीस मिनिटं दिलीत, आणि अध्यक्षांच्या हातातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा मला इथून दिसतोय.

मे महिन्यात मी अशी मोकळी सापडले, कारण माझ्या क्लासात सध्या आंबे झोपलेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, माझा क्लास आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये चालतो. वर लोखंडी गर्डर, उंची भरपूर, भाडं परवडणारं. अट एकच: हंगाम आला की झुले खाली उतरवायचे. मार्च संपता संपता माझं सामान एका ट्रंकेत जातं, आणि जिथे बायका उलट्या लटकायच्या तिथे पेंढ्यावर अढी लागते, म्हणजे आंबे पिकायला रचतात. या अटीवर मी पहिल्या वर्षी किती चडफडले ते पुढे येईलच.

आधी माझं पाप सांगते. मी चौदा वर्षं शाळेत पीटी शिकवलं. रोज सकाळी मैदानावर उभी राहून 'सावधान' आणि 'विश्राम' ओरडायचे. आता तुम्ही सगळे हे करून मोठे झालात, तर मला सांगा, विश्राममध्ये कुणाला कधी विश्राम मिळालाय? पाय फाकवून, हात मागे बांधून, मान ताठ. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. सावधानमध्ये निदान हात तरी मोकळे लोंबतात! (हशा) चौदा वर्षं मी हा शब्द दिवसातून पन्नास वेळा म्हटला आणि एकाही पोराला एक मिनिट विश्राम दिला नाही.

त्याही आधी, शाळेत असताना मी दोरीच्या मल्लखांबावर होते. आपल्याकडे मल्लखांब म्हटलं की दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभट्टदादा देवधर आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण दोरीवर टांगलेल्या मुलीला इतिहास आठवत नाही, अंगठा आठवतो. पायाच्या अंगठ्यात दोर पकडून तिढी मारायची, सगळा भार त्या चिमटीवर. साल निघायची. सर म्हणायचे, निघू दे, नवीन येते. येतेही. त्यामुळे माझी पक्की समजूत झाली की अंगाला सोलल्याशिवाय काही मिळत नाही.

मग चाळिशीच्या उंबरठ्यावर हे झुल्याचं वेड शिरलं. नायलॉनचं किंचित ताणणारं कापड, दोन्ही टोकं वर टांगलेली, कमरेपर्यंत लोंबणारा झोल. न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तोफर हॅरिसन नावाच्या जिम्नॅस्ट आणि नृत्यदिग्दर्शकाने २००७ च्या सुमारास याला व्यायामाच्या वर्गाचं रूप दिलं, तिथून ते जगभर गेलं. आपल्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगार त्याच्या कितीतरी आधीपासून भिंतीच्या दोरांवर माणसं टांगत होते, हेही नोंदवून ठेवते. नाहीतर प्रश्नोत्तरांत कुणीतरी उठून मला ते सांगणारच. (हशा)

मी शिक्षकाचा कोर्स केला. कुठे ते विचारू नका, समुद्रकिनारीच होतं. बारा दिवस, पहाटे सहा ते रात्री आठ. शवासन पहिल्या दिवशी दहा मिनिटं. चौथ्या दिवशी पाच. शेवटी शेवटी 'डोळे मिटा, उघडा, पुढची बॅच आली'. प्रमाणपत्रावर मात्र सोनेरी अक्षरांत तनमनाच्या शांतीबद्दल काहीतरी होतं. मला तेव्हा यात काही खटकलंही नाही. सालं निघत होती, म्हणजे शिक्षण उत्तम चाललं होतं!

आता हुकाची गोष्ट. ही थोडी लांब आहे.

शेड बघायला गेले तेव्हा मालक काकांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माणसाक धरतलो गो गर्डर. पण नाचणाऱ्या माणसाक?" इंजिनिअरला विचारायला गेले तर त्याने तेच सांगून फी घेतली. (हशा) साठ किलोची बाई झुल्यात शांत बसली तर साठ किलोच. तीच घाबरून धपकन बसली, तर त्या क्षणी हुकावर दुप्पट-तिप्पट भार येतो. म्हणून आम्ही झुला अडकवायला जे कॅराबिनर, म्हणजे झडपेच्या कड्या, वापरतो त्यांच्यावर २२ किलोन्यूटन वगैरे लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण सव्वादोन हजार किलो. कॅराबिनर मी चांगलेच आणले. पण गर्डरला बांधायचे हुक मात्र बाजारातून साधे लोखंडी घेतले. चार पैसे वाचवले. माझीच अक्कल, दुसऱ्या कुणाची नाही.

पहिला पावसाळा गेला. खारा वारा तुम्हाला सांगायला नको. ऑक्टोबरात एक बाई शवासनात, म्हणजे तेव्हा मी द्यायचे त्या दोन मिनिटांच्या शवासनात, पडली होती. उठली तर गालावर तांबडी पूड. तिला वाटलं कौलाची माती. शेडला कौलं नाहीत, पत्रा आहे. मी स्टूल लावून वर चढले आणि हुकावर नख घासलं तर पापुद्रा निघाला, चपातीसारखा. हातपाय गार पडले. त्या दिवशी मी सगळे झुले उतरवले आणि थेट बंदरावर गेले. तिथल्या एका तांडेलाने हुक हातात घेतला, वास घेतल्यासारखं केलं आणि मला म्हणाला, "मॅडम, ह्यां गोठ्यातलां. दर्यावर चलणा नाय." बोटीवर वापरतात ते ३१६ ग्रेडच्या, खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे शॅकल, म्हणजे जाड कड्या, त्याने दाखवले. आजही माझ्या बायका ज्यावर लटकतात ते मच्छीमारांचं सामान आहे. दर महिन्याला मी ते कापडाने पुसते, नखाने घासते.

ही गोष्ट मी विषय सोडून सांगत नाहीये. त्या दिवशी कळलं की टांगलेल्या वस्तूला तपासायचं असेल तर आधी ती उतरवावी लागते. पण हे मला हुकाच्या बाबतीत कळलं, खांद्याच्या बाबतीत नाही! दिवसाला चार बॅचेस, प्रत्येक बॅचला स्वतः करून दाखवायचं. डिसेंबरात उजवा खांदा दुखायला लागला. जानेवारीत वेणी घालताना हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, सुजलीय, सहा आठवडे हात डोक्यावर न्यायचा नाही. मी म्हटलं हो, आणि दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने शिकवायला लागले. (हशा) आता तोही दुखायला लागला, हे ओघानं आलंच.

मार्चअखेर काकांनी शेड रिकामी करून मागितली. मी भांडले. बॅचेस मोडतील, बायका पांगतील, दुसरी जागा बघेन, सगळं बोलून झालं. काकांनी ऐकून घेतलं आणि मला पेट्या भरायच्या कामाला लावलं. म्हणाले, खाली बसून करायचं काम आहे, हात वर करायला लागत नाही. मग एप्रिलभर मी पेंढ्यात बसून आंबे निवडत होते. आणि मला सवय, काम झालं का ते बघायची. रोज सकाळी अढी उघडून आंबा दाबून बघायचे. तिसऱ्या दिवशी काकांनी माझा हात धरला. "रोज रोज चेपू नको. कुसतलो. रव दे तेका, पिकतलो आपसूक."

रव दे तेका. राहू दे त्याला. दोन महिने मी राहिले, नाइलाजाने. जूनमध्ये झुला बांधायला हात वर केला आणि तो गेला. दुखल्याशिवाय गेला. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज माइकवर सांगतेय.

तर माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं. (अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बघा!)

मराठीत विश्रांती घेणाऱ्याला किती शब्द आहेत मोजा. लोळतोय, पसरलाय, तंगड्या वर करून पडलाय, अजगर झालाय. सगळ्या शिव्या. प्रतिष्ठित शब्द एकच, वामकुक्षी. आणि ती कुणाची असते? आजोबांची! आजीची वामकुक्षी कुणी ऐकलीय? आजोबा डाव्या कुशीवर, आणि आजी त्याच वेळी अंगणात काठी घेऊन, आमसुलं वाळताहेत त्यांवरचे कावळे हाकत. फार झालं तर म्हणायची, 'जरा पाठ टेकते'. त्यातला 'जरा' ऐका. माफी मागितल्यासारखा. आणि टेकायची तीही पाठच, अख्खी बाई नाही!

दुसऱ्या वर्षी मी शवासन पुन्हा दहा मिनिटांचं केलं. झुल्याचं कापड पसरवून पूर्ण आत शिरायचं, वरून मिटून घ्यायचं. कोर्समध्ये याला ककून म्हणतात, आमच्या बायका झोळी म्हणतात. तर बंड झालं. एकीला कुकर लावायचा होता, एकीचा डबा राहिला होता. एक स्पष्टच म्हणाली, "निजूक पैशे कित्याक देवचे?" ती आज इथे आलीय, नाव सांगत नाही. (हशा) आणि एकदा एकीची सासू नुसती बघायला आली, सत्तरीच्या पुढची, जन्म मासळी विकण्यात गेलेला. म्हणाली, "ही तर पोराची झोळी गो. माका बसव." बसवली, पाय आत घेतले, कापड मिटलं. आतून चाळीस मिनिटं आवाज नाही. पुढची बॅच दारात उभी, मी सगळ्यांना हातानेच गप्प केलं. कापडाला आतून कोपराचा उंचवटा होता, तो हळूहळू सैल होत गेला, एवढंच आम्हाला दिसत होतं. जाग आल्यावर त्यांनी फटीतून एक डोळा बाहेर काढला आणि हळूच विचारलं, "कोणी बघूक नाय मां माका?"

आम्ही सात जणी बघत होतो.

आता शास्त्र. धावत सांगते, पाच मिनिटं आहेत.

एक. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दिवसभराच्या भाराने त्यांच्यातलं पाणी पिळून निघतं, रात्री आडवं पडलं की परत भरतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. लोक पाठीसाठी माझ्याकडे उलटं लटकायला येतात, आणि लटकल्यावर बरं वाटतं हे खरं. पण ते काही मिनिटांचं. जे काम आडवं पडून फुकटात होतं त्यासाठी मला पैसे का देता? हे वाक्य क्लासच्या हिताचं नाही, छापताना गाळा. (हशा)

दोन. स्नायू व्यायामानंतर दोन-तीन दिवसांत सावरतो. कंडरेला रक्त कमी, ती मागे राहते. ताकद वाढल्यासारखी वाटते म्हणून आपण आणखी ओढतो, आणि तुटायला आलेली असते ती दुसरीच वस्तू. माझ्या खांद्यात हेच झालं. म्हणून आता माझ्याकडे लागोपाठ दोन दिवस झुला नाही.

तीन, झोका. २०११ साली जिनिव्हात बारा माणसांना दुपारी ४५ मिनिटं झुलत्या पलंगावर निजवून मेंदूच्या लहरी नोंदवल्या. स्थिर पलंगापेक्षा झुलत्यावर झोप लवकर लागली. आपल्या आज्यांनी वाशाला झोळी बांधून हे फार आधी सिद्ध केलं होतं, फक्त छापलं नाही.

चार, ग्रंथ. पतंजली आसनाबद्दल सांगतात 'स्थिरसुखम्', आणि लगेच पुढच्या सूत्रात उपाय देतात, 'प्रयत्नशैथिल्य'. प्रयत्न सैल सोडणं. हठप्रदीपिकेत शवासनाला थकवा हरणारं आणि चित्ताला विसावा देणारं म्हटलंय, आणि ते पहिल्याच उपदेशात, इतर आसनांच्या रांगेत. उरलेल्या वेळेत उरकायचं म्हणून नाही. यावर मला खरं तर अर्धा तास बोलायचं होतं.

पाच, आपला दर्या. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद, मासळीच्या विणीसाठी. आणि हापूसचं म्हणाल तर एक वर्ष धरायचं, एक वर्ष दम खायचा हा त्याचा स्वभाव. आपण पावसाळ्यात बुंध्याशी कल्टार, म्हणजे मोहोर आणायचं औषध, घालून त्याला दरवर्षी कामाला लावतो, मग खतपाण्यात कसूर झाली की झाड खंगतं. बागायतदार मान हलवताहेत. यावर वाद घालायचा असेल तर बाहेर चहा आहे, तिथे घालू.

(दुसरी चिठ्ठी आली.) संपवतेच.

क्लास मृग लागल्यावर, काकांची शेवटची पेटी गेली की सुरू. येताना जेवून येऊ नका, तीन तास आधीच आटपा. अंगठ्या, बांगड्या, केसांतले चाप घरी ठेवा, कापड फाटतं. काचबिंदू असेल, रक्तदाब चढता असेल, तर आधीच सांगा. शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीच्या आसपास जातो, अशांना मी उलटं करत नाही, कितीही आग्रह केला तरी. त्यांनी यायचं आणि झोळीत निजायचं. फी तेवढीच.