काळ्या ओकची वर्षं

मागच्या वेळी निघता निघता एक काका म्हणाले, खोडातली वर्तुळं मोजली की झाडाचं वय कळतं हे शाळेतल्या पोराला पण माहितीये, मग त्यात लोक आख्खं आयुष्य कशाला घालवतात? प्रश्न फार चांगला आहे, आज तिथूनच सुरू करतो.

समजा उत्तर आयर्लंडमध्ये कुणा शेतकऱ्याने चर खणला आणि पीटमधून ओक नावाच्या झाडाचं काळंकुट्ट खोड वर आलं. पीट म्हणजे हजारो वर्षं थरावर थर साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ. खोड कापलं, मोजलं, २८० वर्तुळं निघाली. म्हणजे झाड २८० वर्षं जगलं, ठीक. पण कुठली २८०? शिवरायांच्या काळातली, बुद्धाच्या आधीची, का त्याच्याही दोन हजार वर्षं आधीची? ते खोडावर कुठेच लिहिलेलं नसतं. वय कळलं, साल कळलं नाही, आणि सगळी मेहनत त्या सालासाठी आहे.

आपल्याकडे जुनी माणसं जन्मसाल कसं सांगायची आठवा. कोणी म्हणायचं पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी, कोणी म्हणायचं बहात्तरच्या दुष्काळात मी रांगत होतो. एकाच्या आठवणीतला दुष्काळ दुसऱ्याच्याही आठवणीत असतो, तिथे दोघांची आयुष्यं जुळतात, मग त्या दुसऱ्याच्या लहानपणीची साथ त्याच्या आजोबांच्या म्हातारपणाशी जुळते, असं करत करत मागे जाता येतं. ओकचं अगदी तसंच. चांगल्या वर्षी वर्तुळ रुंद, वाईट वर्षी अरुंद, आणि एका भागातल्या ओकच्या झाडांना ते वर्ष साधारण सारखंच लागतं. दोन-चार वर्षांचा क्रम योगायोगाने कुठेही जुळेल, पण शंभर-दीडशे वर्षांचा रुंद-अरुंद क्रम एकाच जागी बसतो. एक वर्ष इकडे सरकवा, जुळणं मोडतं. आज उभ्या असलेल्या झाडापासून सुरुवात, मग जुन्या घराची तुळई, मग त्याहून जुनं लाकूड, आणि शेवटी दलदलीतली खोडं, अशी एकात एक अडकवत नेलेली वर्षांची साखळी.

बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत माईक बेली आणि जॉन पिल्चर यांनी हे काम सत्तरच्या दशकात जोमाने केलं. जुळणी तपासायला दोघांनी १९७३ मध्ये एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम पण छापला, पण कॉम्प्युटरने सुचवलेली जागा डोळ्याने आलेखावर आलेख ठेवून बघायचीच हा त्यांचा नियम होता, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. लाकूड मिळायचं ते रस्ते बांधताना, चर खणताना, नाहीतर शेताच्या कडेला टाकून दिलेलं. चेनसॉने चकती कापायची, पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा आणि मायक्रोस्कोपखाली एकेक वर्तुळ मोजायचं. इसवीसनाच्या सुरुवातीच्या आसपास आयरिश लाकडात खिंडारं होती, तिथे इंग्लंडच्या लाकडाने साथ दिली, आणि जर्मनीतल्या ओकच्या साखळीशी पडताळून १९८४ मध्ये त्यांनी सलग ७,२७२ वर्षांची साखळी जाहीर केली. सुरुवात इ.स.पू. ५२८९. मधलं एकही वर्ष गाळलेलं नाही, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून होतो.

लाकूड टिकतं कसं? पीटमध्ये पाणी तुडुंब, ऑक्सिजन जवळपास नाही, शिवाय स्फॅग्नम नावाच्या शेवाळामुळे सगळं आंबट झालेलं, त्यामुळे कुजवणाऱ्या जीवांना तिथे काम करता येत नाही. ओकमध्ये टॅनिन भरपूर, त्याची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की लाकूड काळं होतं. सालीखालचा फिकट भाग मात्र बहुतेक वेळा गेलेला असतो. तो गेला की झाड नेमकं कधी मेलं ते सांगता येत नाही, आयरिश ओकमध्ये त्या भागात सरासरी ३२ वर्तुळं असतात म्हणून तेवढी वर्षं अंदाजाने मिळवावी लागतात. झाडाची साल शाबूत असेल तर अंदाज लागतच नाही, शेवटचं वर्तुळ म्हणजे शेवटचं वर्ष.

ही साखळी मुळात कार्बन डेटिंगसाठी, म्हणजे जुन्या वस्तूत उरलेल्या कार्बन-१४ वरून तिचं वय काढण्यासाठी, हवी होती. हवेतला कार्बन-१४ सगळ्या काळात सारखा नसतो, त्यामुळे कार्बनचं वय आणि कॅलेंडरचं वय यात शेकड्यांनी वर्षांचा फरक पडू शकतो, आणि तो फरक काढायला साल माहीत असलेलं लाकूड लागतं. पण साखळी तयार झाल्यावर तिचे इतर उपयोग निघाले. आयर्लंडच्या लाँगफर्ड परगण्यात कॉर्ली इथे पीट काढताना दलदलीवर अंथरलेला ओकच्या फळ्यांचा रस्ता सापडला, त्याची झाडं इ.स.पू. १४८ ला तोडलेली निघाली. इंग्लंडमध्ये सॉमरसेटला १९७० मध्ये रे स्वीट नावाच्या पीट कामगाराला एक फळी दिसली, तिथून जी पायवाट सापडली ती स्वीट ट्रॅक, तिची झाडं कधी तोडली ते इ.स.पू. ३८०७ चा हिवाळा किंवा ३८०६ चा वसंत एवढ्या नेमकेपणाने सांगता येतं. ज्या लोकांनी एक अक्षर लिहून ठेवलं नाही त्यांनी कुऱ्हाड कुठल्या ऋतूत चालवली ते आपल्याला कळतं!

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. इ.स. ५३६ मध्ये सूर्य वर्षभर निस्तेज होता असं त्या काळच्या प्रोकोपियस नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. आयरिश ओकमध्ये पण ५३६ ला वर्तुळ आकसतं आणि ५४० च्या सुमाराला परत, जास्तच. म्हणजे ज्वालामुखीची राख-धूळ असणार असं वाटत होतं, पण ग्रीनलंडच्या दरवर्षी थराने साचणाऱ्या बर्फात उद्रेकांचे जे आम्लाचे थर सापडत होते त्यांच्या तारखा काही वर्षं आधीच्या यायच्या, जुळतच नव्हतं. बर्फाचे थर मोजून लावलेल्या त्या तारखांवर सगळ्यांचा भरवसा होता. २००८ मध्ये बेलींनी छापून सांगितलं की चूक बर्फाच्या मोजणीत आहे, सातव्या शतकाआधीच्या तारखा सुमारे सात वर्षांनी पुढे सरकवा. बऱ्याच लोकांनी मानलं नाही. मग २०१२ मध्ये जपानमध्ये फुसा मियाके यांना सीडरच्या ७७४-७७५ च्या वर्तुळात कार्बन-१४ ची अचानक उडी सापडली, त्याच घटनेची खूण बर्फातही बेरिलियम-१० च्या रूपात असते (कार्बन-१४ सारखंच तेही अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे हवेत तयार होतं), ती हाताशी धरून २०१५ मध्ये बर्फाची मोजणी तपासली गेली तर ती खरोखरच काही वर्षांनी चुकलेली होती, आणि दुरुस्त केल्यावर ५३६ आणि ५४० चे दोन्ही उद्रेक ओकने सांगितलेल्या जागी येऊन बसले. सात वर्षं म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण सात वर्षं चुकली की उद्रेक आधीचा आणि थंडी नंतरची, यांचा संबंधच लागत नाही.

त्याच वेळी हेही सांगायला हवं की लाकूड साल सांगतं, कारण सांगत नाही. इ.स.पू. १६२८ ला आयरिश ओक आकसलेले आहेत, कॅलिफोर्नियाच्या ब्रिसलकोन पाइनमध्ये त्याच सुमाराला हिमाची जखम, म्हणजे कडाक्याच्या थंडीने बिघडलेलं वर्तुळ, आहे, आणि अनेक वर्षं हे ग्रीसजवळच्या थेरा बेटावरच्या ज्वालामुखीच्या उद्रेकाचं काम मानलं गेलं. नंतर बर्फातल्या राखेचं रसायन तपासलं तेव्हा त्या वर्षाचा उद्रेक अलास्कातल्या अनियाकचाक ज्वालामुखीचा निघाला. ओकचं साल जागेवरच राहिलं, आरोपी बदलला.

कोणीतरी विचारणारच की आपल्याकडे असं काही आहे का. पीटमधला ओक नाही, पण साग आहे, सागाला स्पष्ट वर्तुळं पडतात, आणि पुण्यात पाषाणच्या मौसमविज्ञान संस्थेतल्या लोकांनी केरळच्या सागाची ५२३ वर्षांची मालिका करून त्यात दुष्काळाची वर्षं वाचलीयेत. सात हजार वर्षं मात्र आपल्याला मिळणं अवघड, आपल्या उष्णतेत वाळवी आणि बुरशी मेलेलं खोड तेवढं ठेवत नाहीत.

आयर्लंडमध्ये बोर्द ना मोना या सरकारी कंपनीने २०२१ मध्ये पीट काढणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. हवामानासाठी ते व्हायलाच हवं होतं, पीटमध्ये साठलेला कार्बन तिथेच राहिला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ही सगळी साखळी खणण्यामुळे वर आलेल्या लाकडावर उभी आहे, त्यामुळे आधीच वर येऊन कडेला पडलेल्या खोडांची किंमत आता वाढलीये. उघड्यावर पडलं की हे लाकूड वाळतं, आक्रसतं, बाहेरून तडकतं, आणि पहिल्यांदा जातात ती बाहेरची वर्तुळं, म्हणजे झाड कधी मेलं ते सांगणारी. कुणी त्याचे शोभेचे तुकडे करतं, कुणी शेकोटीत घालतं. चार बोटं जाडीची एक चकती काढून ओली असतानाच प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि कुठल्या शेतातून आली ते वर लिहून ठेवलं, एवढं पुरतं. बाकीचं खोड मग खुशाल चुलीत जाऊ दे.