तेल सुटंस्तवर

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी आत्ता माझी ओळख करून देताना 'पाककलातज्ज्ञ' असा शब्द वापरला. हे घरी कळलं तर माझं जेवण बंद होईल. मला चहापलीकडं काही येत नाही, आणि त्या चहालाही आमच्याकडं 'बाबांचा काढा' म्हणतात. मी चित्रकलेचा मास्तर. २६ वर्षं पोरांकडून स्मरणचित्रं आणि संकल्पचित्रं काढून घेतली, निवृत्त झालो, आणि आता संगणकावर चित्रं हलवत बसतो. आजचा विषय कार्डावर छापलाय: 'पाककृतीचं ४० सेकंदांचं हलतं माहितीचित्र कसं करावं'. ४० सेकंदांच्या गोष्टीला तासभर कशाला, असं मागच्या रांगेतल्या मंडळींच्या चेहऱ्यावर दिसतंय. चहा शेवटी आहे, त्यामुळं बसावं लागेल. (हशा)

पद्धत सांगतोच. पण आधी माझ्या पोटात तीन वर्षं एक दुखणं आहे ते सांगू द्या, नाहीतर पद्धतीला अर्थ नाही.

एका मोठ्या शहरातल्या जाहिरात कंपनीला ठिकठिकाणच्या पदार्थांची छोटी हलती चित्रं करायची होती. मोबाइलवर उभी दिसतील अशी. कोल्हापूर माझ्याकडं आलं. मी फक्त पाककृती लिहून द्यायची, चित्रं त्यांच्याकडची मुलं काढणार. कोल्हापूर म्हटल्यावर तांबडा रस्सा, हे सांगायला नको. आईला विचारून मी पानभर लिहून पाठवलं. त्यात एक ओळ होती: 'मग दोन चमचे चटणी घाला.'

महिन्यानं चित्र आलं. बघतोय तर कढईत वाटण परतलं जातंय, वरून एक छान नक्षीची वाटी येते, तिरकी होते, आणि तिच्यातनं कढईत पडते हिरवीगार कोथिंबिरीची चटणी! आणि पुढच्याच क्षणी रस्सा लालभडक! (मोठा हशा) हिरवं घातलं आणि लाल झालं. ही जादू रंकाळ्यावरच्या भेळवाल्यालाही जमलेली नाही.

मी फोन केला. पलीकडं एक गुणी मुलगी होती, तिला बोल लावणार नाही.

"सर, चटणी म्हणजे चटणीच ना?"

"नाही हो, चटणी म्हणजे तिखट."

"मग तिखट लिहायचं ना सर."

"अहो, तिखट म्हणजेच चटणी!"

"मग भाकरीबरोबर खातात ती?"

"ती पण चटणीच. पण ती शेंगदाण्याची."

ती गप्प झाली. मला वाटतं तिनं फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण मागं चारपाच जण हसल्याचा आवाज आला.

तुम्हाला चटणी समजावून सांगायची म्हणजे पंचगंगेला पाणी दाखवण्यासारखं आहे. तरी बोलतोच, सवय आहे. उन्हाळ्यात मिरच्या घ्यायच्या: रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि घरात कुणाला हौस असेल तर जाळाला थोडी लवंगी. देठं काढून ऊन द्यायचं. त्यात कांदा, लसूण, खोबरं, धणे, खडा मसाला, मीठ, सगळं तळून-भाजून कांडपाला न्यायचं. तिथं रांगेत बसायचं आणि शिंकायचं. आमच्या लहानपणी आई नाकाला पदर लावून पाटीशेजारी बसून राहायची, कारण आपली चटणी दुसऱ्याच्या डब्यात गेली तर वर्षभराचं भांडण. मग बरणी, दादरा बांधायचा, आणि वर्षभर प्रत्येक भाजी-आमटीत तीच. बाहेरगावी हिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. म्हणू देत.

तर हिरवी चटणी. त्यांनी 'पुढच्या वेळी लक्षात ठेवू' म्हटलं, आणि ते चित्र तसंच लोकांपुढं गेलं. पाव्हण्यांचे फोन यायला लागले: "मास्तर, रस्सा कोथिंबिरीचा करता का हो आता?" पण खरं सांगतो, राग हळूहळू निवला आणि मी ते चित्र पुन्हा पुन्हा बघायला लागलो. तेव्हा कळलं की चटणीची चूक किरकोळ होती. मोठी चूक वेगळीच होती, आणि ती तुम्हीआम्ही सगळे करतो.

मी घड्याळ लावून मोजलं. ४० सेकंदांपैकी ११ सेकंद चमचा गोल गोल फिरत होता. ५ सेकंद कांदा उड्या मारत कढईत येत होता. त्या कांद्याला डोळे होते, तो हसत होता, हे मी सोडून देतो. ४ सेकंद वाफ. आणि 'वाटण नीट परतून घ्या' याला मिळाले दोन. त्या दोन सेकंदांत काहीच बदललं नाही. वाटण जसं पडलं तसंच राहिलं. आता मला सांगा, इथं बसलेल्या वहिनी-मावश्यांनी सांगा, रस्सा बिघडतो कुठं? चमचा डावीकडनं फिरवला म्हणून?

(सभागृहातून: "कच्चं राहिलं की!")

झालं! कच्चं राहिलं की. वाटण कच्चं राहिलं, की मग वरून सोन्याचं पाणी ओता.

आता आईकडं येतो. पाककृती लिहून घ्यायला मी वही घेऊन तिच्या ओट्याशी उभा होतो. आई चौऱ्याऐंशीची. आपल्याकडच्या जुन्या बायका बोलतात तशी बोलते, "मी करतो, मी जातो." त्या कंपनीनं तिच्या आवाजातलं वाक्य खाली छापताना 'सांगतो'चं 'सांगते' केलं होतं. व्याकरण दुरुस्त केलं म्हणे! असो, तो वेगळा तास होईल.

म्हटलं, "आई, वाटण किती मिनिटं परतायचं?"

"मिंटं कशाला? तेल सुटंस्तवर."

"आणि खोबरं?"

"वास येस्तवर. काळं न्हाई करायचं."

"तीळ?"

"तडतडंस्तवर."

"मटण?"

"बोटानं मोडंस्तवर."

"चटणी घातल्यावर?"

"रंग धरंस्तवर. लगेच मटणाचं आळणी पाणी घाल, नायतर जळतंय. आन् मग तर्री वर येस्तवर उकळ. आता मी जातो, मालिका लागली."

वही बघितली तर एकही आकडा नाही. सगळीकडं 'स्तवर'. मला आधी वाटलं ही टाळतेय. मग रात्री डोक्यात उजेड पडला. तिची पाककृती म्हणजे साहित्याची यादी नव्हेच. ती या 'स्तवर'ची माळ आहे. मिनिटं सांगून उपयोग नसतो, कारण माझी कढई जाड, तुमची पातळ. माझा गॅस मोठा, तुमचा बारीक. पण तेल सुटलेलं दिसतं ते सगळ्यांना सारखंच दिसतं. आणि हे 'स्तवर' छापील पुस्तकात दाखवता येत नाही. फोटोत आधीचं दिसतं किंवा नंतरचं दिसतं. मधलं होणं फक्त हलत्या चित्रात दाखवता येतं. म्हणजे ज्या कामासाठी चित्र हलवायचं, नेमकं तेच सोडून आपण डोळेवाला कांदा नाचवतो!

माझं म्हणणं एवढंच आहे. 'स्तवर' हलवा, बाकीचं स्थिर ठेवा.

हे काही मी शोधलेलं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला मोठा चित्रपट पडद्यावर आणला, त्याच्या आधी त्यांनी काय चित्रित केलं होतं? कुंडीतला वाटाणा! रोज थोडं थोडं चित्रण करून वाटाण्याचं रोप उगवताना दाखवलं, आणि ते बघून पैसेवाल्यांचा विश्वास बसला. अंकुर फुटंस्तवर! तो माणूस कॅमेऱ्यासमोर वाटाण्याच्या कुंडीची राखण करत बसला, आणि आम्हाला सहा सेकंद तेल सुटताना दाखवायचा कंटाळा. आणि आपल्या गावात तर बोलायलाच नको. बाबूराव पेंटर म्हणजे नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस, त्यांनी इथं कॅमेरा जुळवून १९२० साली चित्रपट काढला. रंगवणाऱ्या हातानंच चित्र हलवलं. प्रभात कंपनीही १९२९ साली इथंच निघाली, मग पुण्याला गेली. पुण्याला काय काय गेलं याची यादी केली तर...

(चिठ्ठी आली.) हं. 'दहा मिनिटे.' बघा, नेहमीचंच. शाळेतही घंटा झाल्यावरच मी फळ्याकडं वळायचो. आता पटापट सांगतो, लिहून घ्या.

पहिलं काम कागदावर. पाककृतीतली सगळी क्रियापदं काढा आणि त्यांच्यातले 'स्तवर' वेगळे करा. तीळ सोडले तर तांबड्या रश्श्यात मला पाच सापडले: खोबऱ्याचा रंग, तेल सुटणं, चटणीनं रंग धरणं, मटण शिजणं, तर्री येणं. मटण सोडलं, कारण कुकरच्या आत काही दिसत नाही. तिथं शिट्ट्या लिहा आणि पुढं चला. राहिले चार. ४० सेकंदांतले २४ सेकंद या चौघांना, प्रत्येकी सहा. उरलेल्या १६ मध्ये साहित्य, नाव, आळणी, वाढणी सगळं उरका, आणि ते स्थिर चित्रात. हिशोब बघा: सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, एकच चित्र दोन चौकटी टिकवलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे पूर्ण ४० सेकंद हलवायला ४८० चित्रं. फक्त 'स्तवर' हलवलेत तर २८८. तुमचे हात वाचले.

दुसरं, मापं. तीन वाट्या दाखवायच्या तर तीन वाट्या काढा, एक मोठी वाटी काढू नका. ओटो नॉइराथ नावाच्या गृहस्थानं १९२० च्या दशकात व्हिएन्नात चित्रांतून आकडेवारी दाखवायची पद्धत बसवली, तिचा हा मूळ नियम: जास्त असेल तर चिन्हं जास्त, चिन्ह मोठं नाही. का? वाटी दुप्पट उंच काढली की रुंदीही दुप्पट होते, कागदावर जागा चौपट व्यापते, आणि डोळ्याला ती भरलेली वाटी वाटली तर आठपट. अशा चित्रावरनं कुणी मीठ घातलं तर दवाखाना.

तिसरं, तेल सुटणं काढायचं कसं? इथं बघायला लागतं. मी आईशेजारी स्टूल टाकून तीन वेळा बसलो. सुरुवातीला वाटण तेल पिऊन टाकतं, ओलं, फिकट, कढईला चिकटतं, पृष्ठभागावर मोठे बुडबुडे. पाणी उडून जातं तसे बुडबुडे बारीक होत जातात. मग गोळा कडा सोडतो, रंग विटकरी होतो, आणि कडेनं तेलाची चमक दिसते, आधी एका बाजूला, मग गोल. हे चार टप्पे आहेत. त्यांची चार मुख्य चित्रं नीट काढा, मधली संगणक भरतो. फक्त सारख्या वेगानं भरू देऊ नका. बराच वेळ काही होत नाही आणि शेवटी एकदम होतं, तसाच वेग ठेवा. चटणीचं उलट, तिथं पहिल्याच सेकंदाला रंग पसरतो, कारण मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणूनच तर्री लाल आणि वर तरंगते. हे कारण एका बारक्या बाणानं दाखवता येतं, वाक्य नको.

अक्षरं: एका वेळी तीन-चार शब्द, ठळक, आणि आवाज बंद असला तरी कळलं पाहिजे. बसमध्ये, दुकानात आवाज बंद करूनच बघतात लोक. शब्द आपले लिहा, पण बाहेरच्यासाठी चित्र जोडा. 'चटणी' लिहा आणि शेजारी लाल भुकटीची बरणी काढा, म्हणजे कुणाला फोन करायला नको.

आणि जीआयएफ नावाच्या हलत्या चित्राच्या फायलीत काढू नका. त्यात एका चौकटीत २५६ च रंग. तर्रीचा लाल सलग उतरत नाही, पट्टे पडतात, भिंतीला ओल धरल्यासारखे. एमपी४ व्हिडिओ करा. ब्लेंडर नावाचं चित्रं हलवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकायला मात्र नातवंड लागतं.

पांढऱ्या रश्श्याबद्दलही सांगायचं होतं, नारळाचं दूध फुटायच्या आधीचा क्षण कसा पकडायचा ते. तिथं 'स्तवर' उलटं असतं, व्हायच्या आत थांबायचं. वेळ नाही. चहाच्या वेळी विचारा.

अडलंय ते एकच, 'वास येस्तवर'. वास काढता येत नाही. मी कढईवरनं तीन नागमोडी रेघा काढल्या. आई म्हणाली, "गॅस गळतोय व्हय रं?" (हशा) शेवटी रेघा काढून टाकल्या आणि खोबऱ्याचा रंग तेवढा नीट केला: पांढरा, मग पिवळसर, मग बिस्किटी, तिथं थांबा.

सगळं झाल्यावर तिला मोबाइलवर दाखवलं. चष्मा लावून दोनदा बघितलं. चटणी लाल आहे का याच्याकडं तिचं लक्षही गेलं नाही. वाटणापाशी आली आणि म्हणाली, "थांब, थांब. अजून सुटलं न्हाई." मी परत बसलो, सहाचे आठ सेकंद केले, खालच्या वाढणीतले दोन कापले. तेच आता दाखवतो. तेवढं खिडकीजवळच्या दादांनी पडदा ओढा, आणि ती दुसरी बटणं... नाही, तो पंखा झाला. त्याच्या शेजारचं.