कठड्यावरून टेप सोडला की

ही बघा, शेतातली साधी विहीर, पण भूजल सर्वेक्षणाच्या भाषेत ही निरीक्षण विहीर. म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, वर्षातून चारदा इथे माणूस येतो, कठड्यावरून टेप सोडतो, पाणी किती खाली आहे ते बघतो आणि लिहून घेतो. महाराष्ट्रात हे काम सत्तरच्या दशकापासून चालू आहे, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं सगळं कागदावरच, विहिरीच्या नोंदीच्या कार्डावर.

आता या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायच्या, तर तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, आकडे कॉम्प्युटरमध्ये टाकले की झालं. नाही होत ना! टेप कठड्यावरून मोजतो, पण नोंद हवी जमिनीपासून, म्हणून कठड्याची उंची वजा करायची. टेपवर ९.२० मीटर आलं, कठडा ०.८० चा, तर पाणी जमिनीपासून ८.४० मीटर खाली. पुढे मालकाने कठडा वाढवून १.२० केला आणि आपण जुनंच वजा करत राहिलो, तर पाणी आहे तिथेच आहे पण रेकॉर्डमध्ये ४० सेंटीमीटर खाली गेलं. हा बदल कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेला असतो, म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, नुसते आकडे टाइप करू नका, आधी अख्खं कार्ड स्कॅन करा, पाठची बाजूसुद्धा.

आणि मे महिन्यात आकड्याच्या जागी लिहिलेलं असतं, "कोरडी". ते कुणी शून्य म्हणून भरलं तर अर्थच उलटा, शून्य म्हणजे पाणी जमिनीला टेकलेलं, विहीर तुडुंब!

बरं, हरवलेली नोंद शेजारच्या विहिरीवरून भरता येईल का? आपल्याकडे बहुतेक सगळा काळा पाषाण, त्यात पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या मुरमातून फिरतं, एका बांधावरच्या दोन विहिरींना वेगवेगळं पाणी लागतं हे कुठलाही शेतकरी सांगेल. त्यामुळे ज्या विहिरीची नोंद गेली तिची गेलीच.

१९९५ ला जागतिक बँकेच्या मदतीने जलविज्ञान प्रकल्प आला, महाराष्ट्रही त्यात होता, कॉम्प्युटर आले, आपोआप पातळी नोंदवणारी यंत्रं आली. पण त्याआधीच्या कार्डावरची विहीर नक्की कुठली हे ठरवायला आजही जुना टोपोशीट नंबर, म्हणजे त्या भागाच्या सर्वेक्षण नकाशाचा क्रमांक, घेऊन गावात जावं लागतं, मालकाला विचारावं लागतं, मधे खोल केली का, बुजवली का, कठडा कधी बांधला, आणि मग जीपीएस लावून ते सगळं त्याच कार्डाला जोडायचं.