रात्री दहाची संध्याकाळ

(सिएर्पेस रस्ता. दुपार.)

दुपारचे तीन वाजलेत. जून महिना, पारा चाळिशीला टेकलेला. स्पेनमधल्या सेव्हियाच्या या अरुंद रस्त्यावर समोरासमोरच्या इमारतींमध्ये कापडाची छतं ताणली आहेत. त्यांच्या सावलीतली लहान दुकानं बंद, उघडतील पाचनंतर. एक ते चारची सवय असलेल्या पुणेकरांनी इथे कुरकुर करायचं काही कारण नाही.

पाठीवर सॅक घेऊन एकटा आलेला माणूस पहिले दिवस नकाशात डोकं घालून काढतो. मी म्हणेन, आधी इथलं घड्याळ समजून घ्या. स्पेन साधारण लंडनच्या रेखांशावर. पण 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीनं देशाची वेळ एक तास पुढे नेऊन बर्लिनशी जुळवली, ती आजही तशीच. उन्हाळ्यात आणखी एक तास वाढतो. सेव्हिया तर देशाच्या पश्चिम अंगाला. म्हणून जूनमध्ये इथे सूर्य माथ्यावर येतो जवळजवळ अडीचला आणि मावळतो पावणेदहाच्या सुमारास. मग रात्रीचं जेवण दहाला झालं, तर त्यात आळस कसला?

(हिराल्दा मनोरा. सकाळ.)

चढायचं ते सकाळीच चढून घ्यावं. हिराल्दा मुळात बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार. आत बहुतेक वाट जिन्याची नाही, उताराची आहे: 35 वळणं. अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून, असं सांगतात. मशीद गेली, तिच्या जागी प्रचंड कॅथेड्रल उभं राहिलं आणि सोळाव्या शतकात मिनारावर घंटाघर चढलं.

खाली कॅथेड्रलमध्ये कोलंबसची शवपेटी चार राज्यांच्या चार पुतळ्यांनी खांद्यावर घेतली आहे. निघाला होता आपल्याकडे यायला! मेल्यावरही त्याचा प्रवास थांबला नाही. कॅरिबियनमधलं सांतो दोमिंगो, मग क्युबातलं हवाना, आणि 1898 मध्ये क्युबा हातचा गेला तेव्हा पेटी पुन्हा स्पेनकडे.

आवारातल्या संत्र्याच्या झाडांना हिवाळ्यात फळं लगडतात. तोडून खाऊ मात्र नका, कडूजार असतात. ब्रिटिशांचं मार्मालेड होतं ते याच जातीचं.

(त्रियानाचा पूल. रात्रीचे साडेनऊ, अजून उजेड.)

आता शहर घराबाहेर पडतं. पुलाखालची नदी ग्वादालकिवीर. 1519 च्या ऑगस्टमध्ये मॅगेलनची पाच जहाजं याच पाण्यावरून निघाली. तीन वर्षांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून एकच परतलं, लवंगांनी भरलेलं. त्यावर 18 माणसं, आणि त्यांत मॅगेलन नव्हता.

पलीकडे त्रियाना ही जुनी वस्ती. बारमध्ये काउंटरला टेकून उभ्यानं खायचं, त्यामुळे ‘एकच माणूस आहे’ असं सांगून टेबल मागायचा संकोच उरत नाही. एकट्यानं फिरणाऱ्यावर या पद्धतीचे उपकार आहेत. छोट्या बशीत पालक आणि काबुली चणे येतात, जिरं घातलेले. शाकाहारी माणसाचं भागतं. साल्मोरेहो म्हणजे टोमॅटोचं घट्ट, गार सूप. ते मागवताना ‘सिन हामोन’ म्हणायला विसरू नका, नाहीतर वर हॅमचे तुकडे येतात. काही जुन्या बारमध्ये हिशेब अजून खडूनं काउंटरवरच लिहितात.

(टाळ्यांचा आवाज.)

फ्लामेंको म्हणजे इथलं गाणं-नाच. त्याचे तिकिटाचे कार्यक्रम खूप आहेत, एखादा बघाच. पण हा ठेका ज्या जिप्सी घराण्यांनी त्रियानात जोपासला, त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून निघाले होते, असं भाषेचे आणि जनुकांचे अभ्यासक सांगतात. इथली सोलेया, म्हणजे फ्लामेंकोचा एक प्रकार, बारा मात्रांची. आपण एकतालाच्या सवयीनं पहिल्या मात्रेवर सम शोधायला जातो आणि हात चुकीच्या जागी पडतो. इथे जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. बोटांवर मोजत बसा, दोन-चार आवर्तनांत टाळी जमायला लागते.