दह्याच्या डब्यातला नारळ

नमस्कार श्रोतेहो. ऑगस्टमध्ये आपल्या न्यू जर्सीत कुणी पिशवी घेऊन दार वाजवलं, तर पिशवीत काय आहे ते विचारावं लागत नाही. झुकिनी! काकडीसारखी दिसणारी ही भाजी उन्हाळ्यात परसात अमाप येते. इथे ८ ऑगस्टला शेजाऱ्याच्या दाराशी गुपचूप झुकिनी ठेवून पळ काढायचा 'दिवस'सुद्धा आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या एका गृहस्थांची ही कल्पना. मला पटते. नको असलेलं भेट देण्यात आपणही काही कमी नाही, दिवाळीतली सोनपापडी आठवा.

तर ही झुकिनी फ्रीजरमध्ये कशी ठेवायची, ते आज सांगणार आहे. पण आधी आमच्या घरातला किस्सा.

त्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. परसात झुकिनीचे चार वेल. आम्ही चार दिवस नायगाराला जाऊन आलो, तर पानांखाली एकेक मुसळ! आईने दुधीसारखी सालं काढली, सालांची तीळ घालून चटणी केली आणि पांढराशुभ्र कीस दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून फ्रीजरात ठेवला. दह्याचा डबा टाकून देणारं मराठी घर मी तरी पाहिलेलं नाही. ऑक्टोबरात आई परत गेली.

फेब्रुवारीत संकष्टी आली. बाहेर बर्फ, मला उपास, आणि डोक्यात उकडीचे मोदक. आई नारळ खोवून ठेवून गेली होती, हे आठवत होतं. डबा काढला. पांढरा कीस. गूळ घातला, कढई गॅसवर चढवली. सारणाला पाणी सुटलं. म्हटलं, गुळाचं असेल, आटेल. अर्धा तास झाला, आटेना! आणि नैवेद्याचं चाखायचं नाही, त्यामुळे कळणार कसं? त्यात सर्दीने नाक बंद.

संध्याकाळचे सहा वाजलेले, म्हणजे साताऱ्यात पहाटेचे साडेचार. आई उठलेलीच असते. व्हिडिओवर कढई दाखवली. तिने चष्मा लावला आणि म्हणाली, "अगं, ही झुकिनी. नारळाच्या डब्याला रबरबँड लावलंय ना मी!"

लावलं होतं की. मटारच्या मागे. पण गूळ तर संपला होता. मग आईच्या सांगण्यावरून पाणी पार आटवलं, तूप घातलं, दुधाची पावडर घातली, वेलची घातली. रात्री नऊनंतर ढगांतून चंद्र जरासा दिसला आणि बाप्पाला झुकिनीच्या हलव्याचा नैवेद्य झाला. आमचे हे दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "दुधी छान मिळाला गं या वेळी." मी काही बोलले नाही.

आता वेळ थोडा आहे, भराभर सांगते.

झुकिनी वीतभर झाली की तोडा. मुसळ झालीच, तर मधला बियांचा गर काढून टाका. चिरण्याआधी एक तुकडा जिभेला लावा. कडू लागली तर सगळी फेका. कडू दुधीसारखंच हे, शिजवूनही बाधतं. पुन्हा सांगते, कडू झुकिनी खायची नाही.

अर्ध्या इंचाच्या चकत्या उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरड्या करून पिशवीत. कीस असेल तर चाळणीत एक-दोन मिनिटं वाफवा, पारदर्शक दिसेपर्यंत. आईने वाफवला नव्हता. न वाफवता ठेवलं तर थंडीतही आतली एन्झाइम हळूहळू काम करत राहतात, चव आणि रंग दोन्ही जातात. पिशवीत दोनच कप कीस, थापून सपाट. डब्यात भरलात तर वर अर्धा इंच जागा सोडा, गोठताना फुगतो.

आणि पाणी! झुकिनीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणीच. गोठून वितळली की ते सुटणारच, म्हणून कीस पिळून घ्या. सुटलेलं पाणी ओतून द्या, नाहीतर थालीपिठाचं पीठ त्यातच भिजवा. वितळलेल्या झुकिनीच्या कुरकुरीत काचऱ्या होत नाहीत, तो नाद सोडा. तिच्या शेवया काढून त्याला पास्ता म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही, पण ते असो.

मी स्वतः निम्मी शिजवूनच ठेवते. जिरं, लसूण, कांदा, टोमॅटो, त्यात झुकिनी, आणि पाणी आटेपर्यंत परतायचं. गार झाली की पिशवीत. जानेवारीत ऑफिसातून आलात की भिजवलेल्या मूगडाळीबरोबर कुकरला लावा.

आणि पिशवीवर, डब्यावर, नाव आणि तारीख लिहा. नाव आणि तारीख! रबरबँडच्या खुणेवर राहू नका. आई यंदा जूनमध्ये पुन्हा येतेय, मी मार्कर आणून ठेवलाय. ती म्हणते, "लिहायचं कशाला, मला कळतं की."